आवाज किती आणि आवाज कुणाचा?

१

जरीपटक्याच्या बाजूला एका विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. गेल्या एप्रिलात तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. खाली रस्त्यावर डीजेची गाडी उभी होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि त्याचा पेपर दोन दिवसांवर आला होता. तो म्हणाला, "सर, कंप्लेंट केली तं आपल्याच पोट्ट्यायवर केस होते, नाही केली तं माहा पेपर जाते. मंग का करू?" त्या वेळी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिराने केलेला प्रयत्न आहे.

हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही. शहरांचा कारभार पाहणाऱ्यांच्या हाती गेल्या काही वर्षांत दोन प्रकारची यंत्रे आली आहेत. एक चौकाचौकातला कॅमेरा आणि दुसरे आवाज मोजणारे मीटर. दोन्ही यंत्रे शिस्त, सुरक्षितता आणि विज्ञान यांच्या नावाने आली. त्यांच्याबद्दल आपल्या चळवळीत दोन तयार मते आहेत. पहिले मत असे की, ही सारी प्रस्थापितांची हत्यारे आहेत, म्हणून त्यांना सरसकट नकार द्यावा. दुसरे मत सुशिक्षित नोकरदार वर्गाचे. यंत्राला जात नसते, त्याचे काम त्याला करू द्या, असे हा वर्ग म्हणतो. ही दोन्ही मते विचाराचे कष्ट वाचवणारी आहेत, असे मला वाटते.

कोणत्याही आवाजाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. तो किती मोठा आहे, हा पहिला. तो कुणाचा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न नागरिकत्वाचा आहे. शेजाऱ्याची झोप, रुग्णाची विश्रांती, विद्यार्थ्याचा अभ्यास यांच्याशी त्याचा संबंध आहे. दुसरा प्रश्न वर्णव्यवस्थेचा आहे. आणि या देशात दुसरा प्रश्न नेहमी पहिल्याच्या आधी विचारला गेला. म्हणून प्रत्येक यंत्राला, प्रत्येक नियमाला आणि प्रत्येक समीक्षकालाही आपण एकच कसोटी लावली पाहिजे: तू या दोहोंपैकी कोणता प्रश्न विचारतोस?

२

पाळत ही गोष्ट आपल्याला नवी नाही. उलट, गावगाड्याने पाळतीचे काम आपल्याच पूर्वजांच्या गळ्यात बांधले होते. पश्चिम महाराष्ट्रात त्याला वेसकर म्हणत, तराळ म्हणत. आपल्या मध्यप्रांतात तो कोतवाल होता. रात्री वेशीवर जागायचे, गावात परका माणूस आला तर पाटलाला कळवायचे, दवंडी पिटायची, मयताचा सांगावा घेऊन कोसभर चालायचे, ही त्याची कामे. म्हणजे गावाचा डोळा तोच, कान तोच आणि गावाचा आवाजही तोच. परंतु त्या डोळ्याने पाहिलेले त्याच्या मालकीचे नव्हते. त्याने पिटलेल्या दवंडीत त्याचा स्वतःचा एक शब्दही नव्हता. चोरी झाली की पहिला संशय मात्र त्याच्यावरच. पहारा करणारा हाच पहाऱ्याखाली असलेला, अशी ही विलक्षण रचना होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले, ते या गुलामीचे नाव उच्चारण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

वाद्यांचे तेच. हलगी, डफ, सनई ही वाद्ये आपल्या हाती होती, पण ती वाजायची दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढे, दुसऱ्याच्या हुकमाने. तो आवाज कितीही मोठा झाला तरी कुणाच्या कानाला टोचला नाही. सेवेच्या आवाजाला गोंगाट म्हणत नाहीत. ज्या दिवशी आंबेडकरी जलशांनी तीच ढोलकी स्वतःच्या मुक्तीसाठी हाती घेतली, भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव फड लावले, त्या दिवसापासून तो आवाज गावाला ऐकू येऊ लागला आणि खुपूही लागला.

राज्यसंस्थेने हा विषय फार लवकर हाती घेतला होता. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या तिसाव्या कलमाने मिरवणुका आणि रस्त्यावरची वाद्ये यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही वाद्य आणि गोंगाट थांबवण्याची तरतूद आली. त्या काळी आवाज मोजण्याचे यंत्र रस्त्यावर नव्हते. मग काय मोजले जात होते? मिरवणूक कुणाची आहे, ती कुणाच्या दारावरून जाते आणि त्यामुळे कोण बिथरेल, हे. १९२३ मध्ये याच नागपुरात मशिदीसमोरच्या वाद्यांवरून तंटा पेटला आणि दिंडी सत्याग्रह झाला. त्या वादात ढोल किती मोठ्याने वाजतो हा प्रश्न कुणाच्याच मनात नव्हता. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सभेत, राज ठाकरे यांनी मशिदींवरचे भोंगे उतरवण्याची मागणी केली आणि पुढे ३ मेची मुदत दिली. तेव्हाही शतकभरापूर्वीचाच प्रश्न परत आला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाची भाषा वापरली गेली, पण बोट मात्र एकाच धर्माच्या मनोऱ्यांकडे होते.

आपल्या आवाजाच्या बाबतीत तर हिशेब डेसिबलांत झालाच नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळू लागली. त्याच्या निषेधार्थ नागपुरात लोक रस्त्यावर आले. ४ ऑगस्ट १९७८ रोजी इंदोऱ्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जरीपटक्याला लागूनच असलेल्या दहा नंबर पुलापाशी आज नामांतर शहीद स्मारक उभे आहे. दरवर्षी ४ ऑगस्टला आपण तिथे जातो. त्या दिवशी रस्त्यावर घोषणांचा आवाज होता, हे खरे. परंतु त्या आवाजाला मिळालेले उत्तर आवाजाच्या प्रमाणात होते, असे कोण म्हणेल?

हे १९७८ मध्येच संपले असेही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. निमित्त होते त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांवरील गाण्याचे. खिशातल्या मोबाईलचा आवाज असा कितीसा असणार? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाला ठार मारण्यात आले. त्या गावात भीमजयंतीची मिरवणूक निघाली, याचा राग त्यामागे असल्याचे त्याच्या कुटुंबाने सांगितले. या घटनांमध्ये 'किती' हा प्रश्न शून्यावर येतो आणि 'कुणाचा' हा एकच प्रश्न उरतो.

३

हाच न्याय साहित्यातही चालला. दलित साहित्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांची यादी केली तर निम्मे आक्षेप आवाजासंबंधी निघतील. प्रचारकी, आक्रस्ताळे, भडक, कर्कश, आरडाओरडा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला. त्याच वर्षी राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना'त प्रसिद्ध झाला. त्या लेखात एक साधा हिशेब होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायदा किती शिक्षा सांगतो आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला किती, याची ती तुलना होती. महाराष्ट्रातल्या पांढरपेशा वाचकांनी त्या लेखाचा स्वर ऐकला आणि ते खवळले. त्यातला हिशेब तपासायला फार थोडे लोक पुढे आले.

येथे एक उलटापालट लक्षात घेण्यासारखी आहे. रस्त्यावर आवाजाची पातळी तेवढी मोजायची असते. तिथे या व्यवस्थेने माणूस कोण हे विचारले. साहित्यात आशय तपासायचा असतो. तिथे या व्यवस्थेच्या समीक्षेने केवळ आवाजाची पातळी मोजली. दोन्ही ठिकाणी मोजमाप चुकीच्या जागी लावले गेले, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा लाभ एकाच वर्गाला झाला. हा योगायोग समजणे भाबडेपणाचे ठरेल.

आणि गंमत अशी की, ज्यांच्या साहित्याला गोंगाट म्हटले गेले, त्यांनीच मराठीत पाळतीची पहिली विश्वासार्ह नोंद केली. शंकरराव खरातांच्या पुस्तकांची नावेच पाहा: 'तडीपार', 'सांगावा', 'तराळ-अंतराळ'. एक शब्द पोलिसांच्या वहीतला, दुसरा गावकीच्या राबणुकीतला, तिसऱ्यात तराळाच्या घरापासून सुरू झालेला सारा प्रवास. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) हजेरी आणि झडती यांच्या सावलीत जगणारी जमात आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली वही तशीच उघडी राहिली. वसंत मून यांच्या 'वस्ती'तून नागपूरच्या महारपुऱ्याचे जीवन आतून कळते. आपली वस्ती बाहेरून न्याहाळली जाणे वेगळे आणि आपणच ती सांगणे वेगळे, हा फरक या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकवला. आजच्या कॅमेऱ्यांबद्दल बोलताना हा फरक आपल्याला उपयोगी पडणार आहे.

४

आता यंत्राकडे वळू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशा मर्यादा त्यांत आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांना बळ दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये राज्याला त्यांच्या अंमलबजावणीबद्दल खडसावले आणि पोलिसांकडे मीटर असलेच पाहिजेत, असे बजावले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आवाजाची तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी विचारू नये.

तत्त्व म्हणून पाहिले तर हे सारे आपल्या बाजूचे आहे. डेसिबल हा आकडा आहे आणि आकड्याला आडनाव नसते. ५५ ही मर्यादा धरमपेठेला आणि इंदोऱ्याला एकच आहे. जरीपटक्याचेच उदाहरण घ्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेली ही बाजारपेठ, आणि भोवताली इंदोरा, बेझनबाग अशा बौद्ध वस्त्या. चेटीचंड आणि भीमजयंती या दोन मिरवणुका काही आठवड्यांच्या अंतराने येतात. मीटरला त्यांतली कोणती कुणाची हे ठाऊक नसते. १८६१ च्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्याचे मन हेच माप होते. त्याच्या तुलनेत आकडा ही मोठी सुधारणा आहे. बाबासाहेबांनी रूढीच्या जागी लिखित कायदा मागितला, त्याच न्यायाने आपण मर्जीच्या जागी आकडा मागितला पाहिजे.

परंतु आकडा निर्जात असला तरी तो कुठे लावायचा, केव्हा लावायचा आणि कशाला लावायचा, हे ठरवणारे लोक निर्जात नसतात. याची चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण क्षेत्राचे. मर्यादा घरावर ठरत नाही, क्षेत्रावर ठरते. निवासी आणि व्यापारी वापर मिसळलेला असेल तर त्या भागाला चारपैकी कोणत्या वर्गात टाकायचे, हे सक्षम अधिकारी ठरवतो. बंगल्यांची वसाहत सहज निवासी ठरते. जिथे खाली दुकान, वर घर, मागे वेल्डिंगचे शेड आणि बाजूला रेल्वेचे रूळ आहेत, तिथल्या माणसाची झोप दहा डेसिबलनी स्वस्त होते.

दुसरे उदाहरण वेळेचे. मोजणी बहुधा सणांच्या दिवसांत होते, गणपतीला, दिवाळीला. वर्षभर चालणारी अवजड वाहतूक, जनरेटर, रात्रीची बांधकामे यांच्या आवाजाची पाटी कोरीच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये अखंड ध्वनिमापनाचे जाळे सुरू केले, ते सात महानगरांत, सत्तर ठिकाणी. नागपूर त्या सात शहरांत नव्हते. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे, हे या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरे उदाहरण कामगाराचे. निवासी माणसाच्या कानाला ५५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या कानाला आठ तासांसाठी ९० ची. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नसते. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ३५ चा हा फरक सुमारे तीन हजार पटींचा आहे. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या भोंग्यावर उत्तर नागपूरच्या कितीतरी घरांची चूल पेटायची आणि विझायची. त्या मिलच्या खात्यांत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांशी आजही ओरडून बोलावे लागते. आवाजाने येणारे बहिरेपण हा कारखाना कायद्याने नोंदवण्याजोगा रोग मानला आहे. ती नोंद किती कामगारांच्या वाट्याला येते, हे कामगार संघटनांनी सांगावे.

चौथे उदाहरण खुद्द मीटरचे. नियमातले डेसिबल 'ए' वजनाचे असतात. माणसाच्या कानाला खर्जाचा आवाज कमी जाणवतो, म्हणून मीटर त्याला कमी धरते. साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपासचा ठोका सुमारे २५ डेसिबलनी कमी मोजला जातो. डीजेचा जीव नेमका त्या ठोक्यात असतो. सिमेंटच्या जाड भिंतीआड बसलेल्याला तो सोसवतो. टिनाच्या छताखाली राहणाऱ्याचे छत, भांडी आणि छाती एकदम थरथरते. मीटर म्हणते, फार नाही. झोपडी म्हणते, फार आहे. येथे यंत्र खोटे बोलत नाही, पण सगळे खरेही सांगत नाही.

या चारही दोषांवर उपाय आहेत आणि ते सारे अधिक मोजमापाचेच आहेत. मोजमाप टाकून देण्याने त्यांतला एकही दोष दूर होणार नाही.

५

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. आवाजाचे मीटर पातळी नोंदवते. कोण बोलला, काय बोलला हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. कॅमेरा मात्र चेहरा टिपतो. म्हणजे तो पहिल्यापासूनच दुसरा प्रश्न विचारतो.

नागपुरात स्मार्ट सिटी योजनेखाली सातशेच्या आसपास ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसले. त्यांची दृश्ये सिव्हिल लाइन्समधल्या महापालिकेच्या केंद्रात पोचतात. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी 'मार्व्हल' ही संस्था उभी केली, तिचे ठिकाणही नागपूरच. यंत्राने शिकायचे ते जुन्या नोंदींवरून. आणि जुन्या नोंदी कुणाच्या आहेत? ज्यांच्या वस्तीत पोलिसांची गाडी अधिक वेळा फिरली, त्यांच्या. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा मुद्दा उपस्थित केला. मागास समाजांतील आणि अनुसूचित जाती-जमातींतील निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या इतिहासपत्रकांत यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, अशी चिंता न्यायालयाने व्यक्त केली आणि साऱ्या राज्यांना त्यात लक्ष घालायला सांगितले. हीच पत्रके उद्या यंत्राचे क्रमिक पुस्तक झाली तर काय होईल? १८७१ ची वही पुन्हा उघडेल, एवढेच. फरक इतकाच की, या वेळी ती लिहिणारा फौजदार दिसणार नाही.

कायदा या बाबतीत अडखळत चालला आहे. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची रात्रीची घरझडती घटनाबाह्य ठरवली, पण बाकीची पाळत तशीच राहू दिली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे निःसंदिग्धपणे सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण शासनाच्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे ठेवला.

तरीही मी कॅमेऱ्याला सरसकट नकार देणार नाही. कारण एक जागा अशी आहे, जिथे कॅमेरा आपणच मागितला पाहिजे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवा, ते आवाजही टिपणारे असोत, आणि नोंदी किमान एक वर्ष जपा. त्यानंतर पाच वर्षे उलटत आली तरी स्थिती अशी होती की, ठाण्यांतले कॅमेरे चालत नाहीत म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने १५अ हे कलम आले. त्या कायद्याखालच्या कार्यवाहीचे चित्रमुद्रण झाले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. किती तालुक्यांतल्या किती फिर्यादींनी हे चित्रमुद्रण पाहिले आहे? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, नंतर वस्त्यांमध्ये पोलिसांची धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मरण पावला. चौकातला कॅमेरा चालतो आणि ठाण्यातला बंद पडतो. हा केवळ तंत्राचा बिघाड आहे, असे मानायला माझे मन तयार नाही.

पुढचा धोका याहून मोठा आहे. आवाज मोजायचे निमित्त करून उद्या खांबाखांबावर ध्वनिमुद्रक बसू शकतात. मीटर आणि ध्वनिमुद्रक या दोन वस्तू बाहेरून सारख्या दिसतील. एक सांगेल, रात्री अकरा वाजता येथे ८२ डेसिबल होते. दुसरा सांगेल, रात्री अकरा वाजता येथे कोण काय बोलत होते. पहिल्याचे आपण स्वागत करावे. दुसऱ्याला मात्र विहाराच्या पायरीपाशीच अडवावे.

६

आता घरातले बोलले पाहिजे. ते न बोलता वरचे सारे लिहिणे म्हणजे त्या मुलाची फसवणूक होईल.

आपली मिरवणूक ही दीर्घकाळ नाकारलेल्या आवाजाची मिरवणूक आहे. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या माणसाचे नाव मोठ्याने घेणे हा आपल्या पूर्वजांना गुन्हा होता. म्हणून भीमजयंतीच्या आवाजाकडे कुणी 'शांतताप्रिय नागरिक' म्हणून नाक मुरडले, तर त्याच्या नाकामागची जात मला दिसते. नियमांतही दुजाभाव शिरतो. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्याला आहे. जिल्हाधिकारी ती यादी जाहीर करतात. तीत गणेशोत्सवाला एकाहून अधिक दिवस असतात, आंबेडकर जयंतीला सहसा एक. त्यावर भांडलेच पाहिजे.

परंतु जलसा आणि डीजे या दोन गोष्टी एक नाहीत. जलशात माणूस माणसाशी बोलत होता. वामनदादांचा आवाज ऐकायला लोक पुढे सरकून बसत, कारण त्यात अर्थ होता. डीजेच्या भिंतीपुढे उभा असलेला तरुण काय ऐकतो? शब्द तर ठोक्याखाली चिरडून गेलेले असतात. बाबासाहेबांचे नाव त्यात असते, पण त्यांचा विचार ऐकू येत नाही. आणि त्या भिंतीचे भाडे, त्यावरची वर्गणी, तिला पैसे पुरवणारा नगरसेवकपदाचा इच्छुक, या साऱ्यांचा हिशेब कोण विचारतो? ज्या आवाजाने बोलणे अशक्य होते, तो आवाज विद्रोहाचा कसा असेल? तो बाजाराचा आहे. बाजाराने तो गणपतीला विकला, नवरात्राला विकला, वरातीला विकला आणि आता आपल्याला विकला.

त्याचा त्रासही कुणाला होतो? मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या दारापुढे फार वेळ थांबत नाही. ती आपल्याच गल्लीत थांबते. हृदयविकाराचा म्हातारा आपला, रात्रपाळी करून झोपलेली नर्स आपली, बाळंतीण आपली आणि खिडकीची काच धरून बसलेला तो परीक्षार्थीही आपलाच. ज्यांनी शिका म्हणून सांगितले, त्यांच्या जयंतीला शिकणाऱ्याने कानात कापूस घालून बसावे, याइतकी दुःखद विसंगती दुसरी कोणती?

शांतता ही सवर्णांची चैन आहे, असे आपण म्हणत आलो. मला वाटते, हे विधान आता उलटे वाचले पाहिजे. शांतता ही चैन राहिली, कारण ती आपल्या वस्तीला कुणी दिली नाही आणि आपणही ती मागितली नाही. पाण्याचा हक्क आपण महाडला मागितला. रात्रीच्या झोपेचा आणि अभ्यासाच्या शांततेचा हक्क त्याच जातीचा आहे.

७

म्हणून त्या मुलाला आता मी असे सांगेन.

तक्रार कर, पण एकट्याने करू नकोस. वस्तीची म्हणून करू या. प्रत्येक विहारात आवाजाची एक नोंदवही ठेवू या: तारीख, वेळ, ठिकाण, किती डेसिबल. मोबाईलवरचे माप न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल असे नाही, पण वर्षभराच्या नोंदीतून रस्ता बोलू लागतो. त्या वहीत डीजेही येईल, रात्री फिरणारे डंपरही येतील आणि बाजूच्या लॉनमधल्या वरातीही येतील. सगळ्यांना एकच माप. नाव कुणाचे लिहायचे नाही.

त्या वहीच्या आधारे महापालिका आणि प्रदूषण मंडळाकडे तीन गोष्टी मागू या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्र आपोआप ठरत नाही, ते जाहीर करावे लागते. मग विहारांच्या अभ्यासिका शैक्षणिक संस्था मानून त्यांच्या भोवती ते जाहीर करा. उत्तर नागपुरात कायमचे मीटर बसवा, त्याचे आकडे चौकात सर्वांना दिसतील असे लावा आणि त्यात आवाज मुद्रित होत नाही याची लेखी हमी द्या. आणि माहितीच्या अधिकारात सांगा की, आमच्या भागातल्या चौकांत कॅमेरे किती, ठाण्यात किती, त्यांतले चालू किती आणि नोंदी किती दिवस राहतात.

आणि जयंतीच्या मंडळांना आपणच सांगू या की, दहाच्या आत मिरवणूक संपवू. आयुक्तांची नोटीस येण्याआधी, आपल्या ठरावाने. हुकमाने गप्प बसणे आणि विचाराने थांबणे यांत फार अंतर आहे. आपल्या पोरांना पोलिसांच्या वहीपासून वाचवण्याचाही हाच मार्ग आहे. पोलिसांची गाडी वस्तीत येण्याची वेळच आपण येऊ दिली नाही, तर तुझ्या तक्रारीने कुणावर केस होणार नाही.

वेसकराच्या हाती गावाने काठी दिली, पण पाहिलेले लिहून ठेवायला वही दिली नाही. ती वही नंतर सरकारने लिहिली आणि तीत त्याचेच नाव चढवले. आता लिहिता येणारे हात वस्तीत आहेत. ४ ऑगस्टला आपण स्मारकापाशी जमतोच. या वर्षी तिथे जमलेल्या मंडळांपुढे हा विषय ठेवावा, अशी माझी सूचना आहे. पहिली वही त्या अभ्यासिकेत ठेवायला तो मुलगा तयार आहे. त्याला मी विचारले आहे.